बळीचं वाक्य

गेली चार वर्षं दर पंधरा दिवसांनी मी एका माणसाला जखमी करतो. कधी बोट, कधी घोटा, कधी कंबर. जीव घ्यायचा नाही, अशी मला कंपनीची ताकीदच आहे. माणसाने चूक करायची, थोडक्यात वाचायचं आणि शेवटी शहाणं व्हायचं, तेही दोनशे शब्दांत.

आमच्याकडे मोठ्या कंपन्यांत हा रिवाजच आहे. मीटिंग ट्रकच्या टायरांबद्दल असो नाहीतर ख्रिसमसच्या जेवणाबद्दल, आधी या भूमीच्या मूळ आदिवासी मालकांचं स्मरण होतं आणि मग कुणीतरी उठून सुरक्षेची एक गोष्ट सांगतं. काल माझा मेव्हणा शिडीवरून पडता पडता वाचला, वगैरे. हॅडली टिंबरच्या गिप्सलँडभर पाच सॉमिल, म्हणजे लाकूड कापायच्या गिरण्या, आणि मीटिंगा दिवसाला वीस. मेव्हणे कुठवर पुरणार? म्हणून त्यांच्या मेलबर्नच्या ऑफिसने गोष्टी बाहेरून लिहून घ्यायला सुरुवात केली. बाहेरून म्हणजे माझ्याकडून. माझा एक कल्पित फोर्कलिफ्टवाला आहे, शेन. चार वर्षांत तो एकवीस वेळा घसरलाय, तीनदा भाजलाय आणि एकदा त्याच्या डोळ्यात भुसा गेलाय, तरी अजून कामावर आहे. खरा असता तर कधीच हाकलला असता.

त्याआधी बावीस वर्षं मी ट्रॅरॅल्गनच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. ते बंद पडलं आणि मी 'मागाल ते लिहून मिळेल' झालो. दातांच्या डॉक्टरची वेबसाइट, नगरपालिकेचं कचऱ्याच्या डब्यांवरचं पत्रक, अंत्यविधीवाल्यांचं 'आमच्याविषयी'. गेल्या दीड वर्षात ही गिऱ्हाइकं एकेक करून यंत्राकडे गेली. दातांच्या डॉक्टरने निदान तोंडावर सांगितलं, "ग्रेम, ते तुझ्याइतकंच कंटाळवाणं लिहितं, पण लगेच लिहितं." राहिली ती एकटी हॅडली.

मार्चमध्ये इमोजेनचा फोन आला. इमोजेन हॅडलीची जनसंपर्क मॅनेजर, तिशीतली, भराभर बोलणारी. वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटू शकेल.

"ग्रेम, ब्लॅकवूड क्रीकचा ग्लेन टकेट ओळखायचास का रे तू?"

ओळखायचो म्हणजे काय. ग्लेन त्या गावच्या फुटबॉल क्लबचा गोल अंपायर होता, गोल झाला की नाही ते ठरवणारा. पंधरा वर्षं मी त्या सामन्यांच्या बातम्या लिहिल्या आणि पंधरा वर्षं तो पांढरा कोट घालून खांबांच्या मध्ये उभा होता. निर्णय द्यायला इतका वेळ लावायचा की लोक बाहेरून ओरडायचे, "ग्लेन, जेवून ये, आम्ही थांबतो!" त्याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. चेंडू कुठून गेला हे मनाशी पुरतं ठरल्याशिवाय त्याची बोटं वर व्हायची नाहीत. गेल्या मे महिन्यात तो सॉमिलमध्ये सरकत्या पट्ट्याच्या रुळात सापडून गेला.

"त्याला वर्ष होतंय," इमोजेन म्हणाली. "त्याच्या बायकोने सगळ्यांपुढे दोन शब्द बोलावेत असं आमच्या मोठ्या साहेबांच्या मनात आहे. खरी गोष्ट, खऱ्या माणसाच्या तोंडून. ती तयार आहे, पण म्हणते लिहून ग्रेमने द्यायचं. दुसरं कुणी नको."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चार वर्षं शेनची बोटं चेचून मला स्वतःचा वीट आला होता.

केरिन टकेट शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. मी गेलो तेव्हा ती नुकतीच घरी आली होती. तिने चहा केला, बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि एकदम मुद्द्यावर आली.

"मला लिहिता येत नाही, ग्रेम. आणि लिहिल्याशिवाय मी तिथे उभी राहिले तर एक तर रडेन नाहीतर शिव्या देईन. दोन्ही त्यांच्या सोयीचं आहे."

"काय सांगायचंय तुला?"

"एकच गोष्ट. बाकी तू काय हवं ते लिही. तो चांगला होता, आम्हाला आठवण येते, सगळं लिही. पण एक वाक्य माझं." तिने ते जणू पाठ केलं होतं. "त्या रुळावरची जाळी अकरा दिवस जागेवर नव्हती, आणि ग्लेनने ते धोक्याच्या वहीत दोनदा लिहून दिलं होतं."

"वही कुठाय?"

"वही!" ती हसली. "वही नवीन केली म्हणे त्यांनी. जुनी सापडत नाही. सरकारी चौकशीवाले आले, बसले, सॅंडविच खाल्ले आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून उठले. आता गावात काय बोलतात माहितीये ना? ग्लेनने चालू पट्ट्यात हात घातला. घातलाच की. रोज घालायचे सगळे, फळकुट अडकलं की. पण जाळी असती तर तो हात रुळापर्यंत पोचलाच नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी बिचारा मेलेला, बोलतोय कशाला."

मग ती त्या दिवसाबद्दल बोलली. गुरुवार होता. टीगनचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, चौदावा वाढदिवस. ग्लेनला जादा पाळी लावली होती म्हणून केक रविवारी कापायचं ठरलं होतं. संध्याकाळी पावणेसातला फोन आला. एवढंच. मी सगळं टिपून घेतलं.

निघताना तिने मला दारात थांबवलं. "ते वाक्य ठेवतील का रे ते?"

"ठेवतील."

"नक्की?"

"केरिन, माझा धंदाच आहे हा. कुठलं वाक्य कसं वाचवायचं ते मला कळतं. शब्द देतो तुला."

फुशारकी होती, पण पोकळ नव्हती. माझ्याकडे एक युक्ती होती.

ही युक्ती मला बॅरी नावाच्या एका म्हाताऱ्या जाहिरातवाल्याने शिकवली. तो म्हणायचा, गिऱ्हाइकाला काहीतरी खोडायचंच असतं. खोडल्याशिवाय त्याला पगार घेतल्यासारखं वाटत नाही. तेव्हा खोडायला एक वाक्य तूच देऊन ठेव, चांगलं ढळढळीत, नियमाबाहेरचं. तो त्याच्यावर तुटून पडतो, मनासारखं खोडतो, समाधानाने घरी जातो, आणि तुझं खरं वाक्य मागच्या मागे सुखरूप निघून जातं. आम्ही त्याला बळीचं वाक्य म्हणायचो. धंद्यात हे सगळेच करतात आणि कुणीच कबूल करत नाही. नगरपालिकेच्या पत्रकात मी एकदा 'कचरा ही उद्याची कविता आहे' असं घातलं होतं. तीन साहेब त्याच्यावर आठवडाभर भांडले आणि बाकीचं पत्रक कुणी वाचलंही नाही.

केरिनच्या वाक्यासाठी मला मोठा बळी हवा होता. हॅडलीचा लीगल विभाग म्हणजे समासात लाल शेरे मारणारी एक अदृश्य शक्ती. त्यांना काय चालत नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण त्यांच्या लेखनाच्या नियमांचं पुस्तक मीच लिहिलंय. पान चौदा: लहान मुलांची नावं छापू नयेत. पान सोळा: कामगार दमलेला, घाईत किंवा ताणाखाली होता असं सुचवू नये, कारण त्यावरून कामाच्या तासांचा प्रश्न निघतो. म्हणून मी दोन्ही पानांचा एकदम भंग करणारं वाक्य तयार केलं.

'तो दिवस आमच्या टीगनच्या वाढदिवसाचा होता, आणि केक कापायला वेळेवर घरी पोचायची ग्लेनला घाई झाली होती.'

ग्लेनला आणि घाई! लिहिताना मला हसू आलं. ज्याला सगळा जिल्हा 'जेवून ये' म्हणायचा, तो. पण म्हणूनच मला ते वाक्य बिनधोक वाटलं. एक तर ते खोटं होतं, दुसरं म्हणजे ते मधाळ होतं, आणि तिसरं, ते टिकणारच नव्हतं. त्याच्या खाली दोन ओळी सोडून मी केरिनचं वाक्य ठेवलं, साधं, तिच्याच शब्दांत. केरिनला पाठवलेल्या प्रतीत अर्थातच बळीचं वाक्य नव्हतं. तिला मजकूर आवडला. "अगदी मीच बोलतेय असं वाटतंय," असं तिने कळवलं.

पहिल्या फेरीत लीगलने टीगनचं नाव काढून 'आमच्या मुलीच्या' केलं. मी हात चोळले, म्हटलं मासा गळाकडे वळला. दुसऱ्या फेरीत 'अकरा दिवस' गेलं. शेरा होता, 'आकड्याला आधार काय?' तिसऱ्या फेरीत 'जागेवर नव्हती' गेलं. चौथ्या फेरीला इमोजेनने 'अंतिम' असं नाव देऊन फाइल पाठवली. मी ती उघडली आणि उभ्या उभ्या वाचली.

केरिनच्या वाक्याचं असं झालं होतं: 'जाळीबद्दलचा धोका ग्लेनला माहीत होता.' का, तर त्याने वहीत दोनदा लिहिलं म्हणजे त्याला माहीत होतंच की. वकिलाचं डोकं. आणि माझं वाक्य, नाव वगळता, जसंच्या तसं उभं होतं. उलट त्यांनी ते खाली आणून या वाक्याला जोडलं होतं. 'जाळीबद्दलचा धोका ग्लेनला माहीत होता. पण तो दिवस आमच्या मुलीच्या वाढदिवसाचा होता, आणि केक कापायला वेळेवर घरी पोचायची त्याला घाई झाली होती.' समासात लीगलचा शेरा होता: 'हे फार सुंदर आहे. ठेवा.'

ते 'पण' त्यांनी घातलं होतं. त्या वाक्यातलं बाकी सगळं माझं.

मी इमोजेनला फोन केला.

"अगं, ते घाईचं काढा."

"काढा? वेडा आहेस का! आठ वर्षांत लीगलने कशाला सुंदर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. साहेबांनी विमानात वाचलं, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या."

"पान सोळा काय म्हणतं? घाई, ताण..."

"ते कामाच्या घाईबद्दल रे. ही घरची घाई आहे. ही चालते. ही तर उलट... म्हणजे, तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

मला कळत होतं. पान सोळा लिहिताना मलाच ते सुचलं नव्हतं.

"इमोजेन, ते खरं नाहीये."

मग तिने अगदी साधा प्रश्न विचारला, "मग तू लिहिलंस कशाला?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं. तुम्ही ते खोडाल म्हणून लिहिलं, आणि गेली चार वर्षं मी तुम्हाला असंच गंडवत आलोय. हे बोललो असतो तर त्या दिवशी हॅडली गेली असती, आणि हॅडलीनंतर माझ्याकडे कुणीच नव्हतं. मी छप्पन्न वर्षांचा आहे. लिहिण्यावाचून मला काही येत नाही, आणि तेही आता यंत्राला येतं.

"तसं अगदी शब्दशः खरं नाही," मी म्हणालो.

"भावना खरी आहे ना?"

"भावना..."

"मग झालं तर. वाढदिवस होता ना त्या दिवशी?"

"होता."

"मग! तू उगाच नको तेवढा विचार करतोस, ग्रेम. म्हणून तर चांगला लिहितोस. केरिनच्या सहीचा कागद तेवढा घेशील? तुझ्याकडून आला की तिला बरं वाटेल."

त्या आठवड्यात मी तीनदा ब्लॅकवूड क्रीकला जायला निघालो आणि तीनदा वाटेतल्या पेट्रोल पंपावरून एक पॅटिस खाऊन परत आलो. शेवटी फोन केला. मनाशी सगळी जुळवाजुळव केली होती, की सांगायचं, केरिन, सही करू नकोस, त्यांनी तुझं वाक्य मारलं आणि मी त्यांच्या हातात सुरी दिली.

"बदल झालेत काही," मी सुरुवात केली.

"जाळी आहे ना त्यात?"

आणि मी म्हणालो, "जाळी आहे."

चार वर्षं हॅडलीसाठी लिहून मला एवढं तरी यायला लागलं होतं. एकही शब्द खोटा न बोलता खोटं सांगायचं.

"तू वाचलंस ना सगळं?"

"वाचलं."

"मग मला नको पाठवूस. मागची प्रत वाचली तर दोन दिवस झोप नव्हती मला. तू आहेस ना, बास. सही कुठे करू ते सांग."

मी सांगितलं. माझी मला एवढी लाज वाटली की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. पण सांगितलं.

कार्यक्रम फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये होता. सॉमिल सकाळपुरती बंद ठेवली होती. दोनशे माणसं नारिंगी जाकिटं घालून घडीच्या खुर्च्यांवर बसली होती आणि मागच्या टेबलावर सॉसेज रोल, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणि चहाचं मोठं पिंप. मोठे साहेब मेलबर्नहून आले होते. त्यांनी गिरणीत घालायचे, टोकाला लोखंड बसवलेले बूट घातले होते, इतके कोरे की चालताना करकरत होते. मूळ मालकांचं स्मरण झालं. मग साहेब म्हणाले, आज सुरक्षेची गोष्ट एक खास व्यक्ती सांगणार आहे.

केरिन पुढे गेली. निळा स्वेटर, केस नीट बांधलेले. तिच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला तो कागद दिला गेला आणि ती बोट ठेवून सावकाश वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखी. ग्लेन कसा होता. क्लब. पांढरा कोट. तिथे लोक हसले, कुणीतरी मागून हळूच "जेवून ये, ग्लेन" म्हणालं आणि ती पण हसली. अजून सगळं ठीक होतं. मला वाटलं, कुणास ठाऊक, तिथे आली की ती कागद खाली ठेवेल. स्वतःचं वाक्य तिला पाठ होतं. ती बोलेल आणि सगळ्यांचं पितळ उघडं पडेल, माझ्यासकट. पडू दे.

"जाळीबद्दलचा धोका ग्लेनला माहीत होता," तिने वाचलं, आणि थांबली.

बोट परत मागे नेलं. पुढे नेलं. मग तिने मान वर करून मला शोधलं. मी भिंतीशी उभा होतो. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"पण तो दिवस," तिने वाचलं, "आमच्या मुलीच्या वाढदिवसाचा होता..." आणि पूर्ण वाचलं. दोनशे माणसांपुढे हातात कागद दिलेला माणूस कागदच वाचतो. शेवटी होतं, 'दोन मिनिटं थांबा. घरी तुमची वाट बघणारं कुणीतरी आहे.' ते पण तिने वाचलं. सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. दांडगे दांडगे गडी डोळे पुसत होते, आणि ते रडणं खरं होतं, म्हणून मला आणखीच मेल्यासारखं झालं.

चहाच्या पिंपाजवळ ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"जाळी आहे म्हणालास."

"केरिन, लीगलने..."

"अकरा दिवस कुठे गेले?"

वाटलं, आता कानाखाली ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण तिने कपाळावर हात ठेवला, काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तसा.

"आणि ते घाईचं. ते मी सांगितलं तुला?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी साहेब करकरत आले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "केरिन, तुमच्यामुळे आज इथे कुणाचा तरी जीव वाचला, लक्षात ठेवा." ती थँक यू म्हणाली. दुसरं काय म्हणणार? साहेब पुढे गेले.

"सांगितलंच असेल मी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गेल्या वर्षातलं अर्धं मला आठवत नाही. डॉक्टर म्हणतो, असं होतं." आणि बायकांनी तिला घेरलं, चहाचा कप हातात दिला, खुर्ची दिली. मी तिथल्या तिथे उभा राहिलो. बोलायला हवं होतं. बोललो नाही. हे तिसऱ्यांदा.

मी बाहेर आलो तर मैदानाच्या कठड्याला टेकून टीगन उभी होती, शाळेच्या गणवेशात, उंच, बापासारखी खांदे पाडून. हॉलमधून निघणारा जो तो तिच्याजवळ थांबत होता. एक पांढऱ्या मिशांचा ट्रकवाला तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यासाठी धावत होता गं तो, पोरी. असा बाप मिळायला भाग्य लागतं." त्याला वाटलं तो तिचं सांत्वन करतोय. ती मान हलवत राहिली.

तो गेला आणि मी पुढे झालो. निदान इथे तरी, मी स्वतःला म्हटलं. हॅडली जाऊ दे खड्ड्यात.

"टीगन, मी ग्रेम."

"माहितीये. लिहिणारे तुम्ही."

"ऐक. ते घाईचं वाक्य खोटं आहे. तुझ्या आईने ते सांगितलेलं नाही, कुणीच सांगितलेलं नाही. मी रचलं ते. तुझे बाबा घाईत नव्हते. तिथे जाळी नव्हती, अकरा दिवस नव्हती, आणि त्यांनी दोनदा तसं लिहून दिलं होतं. दोष त्या लोकांचा आहे. तुझा नाही, वाढदिवसाचा नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रडत नव्हती. चेहरा अगदी शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"तुम्ही रचलं?"

"हो."

"मनाने?"

"मनाने. ते लोक खोडतील म्हणून मुद्दाम घातलं होतं. धंद्यात करतात असं."

"खोडायचं होतं तर घातलं कशाला?" इमोजेनचाच प्रश्न, पण हिने तो खरंच समजून घ्यायला विचारला. मी समजावून सांगितलं, बॅरी, बळीचं वाक्य, पान चौदा, पान सोळा. बोलता बोलता मलाच ते सगळं इतकं ओढूनताणून आणलेलं वाटायला लागलं की मी मध्येच थांबलो.

"बाबा रविवारी केक कापू म्हणाला होता," ती म्हणाली. "सकाळी, तो डबा भरत होता तेव्हा. मी म्हटलं, रविवारी माझा वाढदिवस नाहीये, तुला माझ्यापेक्षा ती सॉमिल मोठी आहे. आणि दार आपटून गेले. बाय पण म्हटलं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही." ती थांबली. "मग तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं. टीगन, मला काहीच माहीत नव्हतं. योगायोग आहे नुसता."

"त्याने कुणाला तरी सांगितलं असणार. बरोबरच्या कुणाला. पोरगी रुसलीय, लवकर जायला पाहिजे, असं. आणि ते फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं."

"नाही गं बाळा." माझी वही गाडीत होती. मी धावत जाऊन ती आणली, केरिनच्या स्वयंपाकघरात टिपलेलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "हे बघ, तुझी आई काय म्हणाली ते इथे आहे. जादा पाळी. केक रविवारी. घाईचं एक अक्षर नाही."

तिने पानावरून नजर फिरवली. जुन्या बातमीदाराची लघुलिपी, नुसत्या रेघोट्या. आता ती वाचणारं जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

"यात काय लिहिलंय ते तुम्हीच सांगणार ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

मी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत. मग आणखी एकदा. दर वेळी ते आधीपेक्षा चांगलं जमत गेलं, मुद्देसूद, मनाला भिडेल असं, आणि दर वेळी मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिचा विश्वास आणखी कमी होतोय. शेवटी तिने माझी वही मिटून माझ्या हातात परत दिली.

"राहू द्या. तुम्ही चांगले आहात. आई म्हणते, लोकांना बरं वाटेल असं लिहायचं, हेच तुमचं काम आहे."

हॉलच्या दारातून केरिनने तिला हाक मारली. खुर्च्या आवरायच्या होत्या. टीगनने बाहीने नाक पुसलं.

"वर्षभर नुसतं वाटायचं मला, की माझ्यामुळे झालं असेल," ती म्हणाली. "आता निदान कळलं तरी." आणि ती आईला मदत करायला आत गेली.